हजार महायुगे आणि चौदा मनू

सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या यजमानाकडून गुरुजी संकल्प सोडवून घेतात, तेव्हा श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर आणि अठ्ठाविसावे कलियुग असा काळाचा सविस्तर पत्ता उच्चारला जातो. परंतु त्या पत्त्यामागे उभी असलेली ४३२ कोटी वर्षांची संख्या, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, कशी घडली आहे याची चौकशी हाती पळी-पंचपात्र असताना सहसा कोणी करीत नाही.

कलियुगाची वर्षे ४,३२,००० धरली, की द्वापर, त्रेता व कृत ही युगे अनुक्रमे त्याच्या दुप्पट, तिप्पट व चौपट होतात, चारींची बेरीज ४३,२०,००० वर्षांचे महायुग ठरते, आणि अशा सहस्र महायुगांनी कल्प पुरा होतो. कल्पाच्या या ४३२ कोटी वर्षांच्या संख्येचे मूळ अवयव पाडले असता अकरा वेळा दोन, तीन वेळा तीन आणि सात वेळा पाच एवढेच हाती लागतात. त्यामुळे तिला ३८४ विभाजक लाभले असून बारा मास, तीस तिथी, साठ घटिका, राशिचक्राचे ३६० अंश या ज्योतिष्यांच्या नित्य मापांनी तिला निःशेष भाग जातो. सातने मात्र जात नाही.

पेच पडला तो नेमका येथे. कारण परंपरेने एका कल्पात चौदा मनू सांगितले आहेत, आणि हजार महायुगांची चौदांत वाटणी केली म्हणजे प्रत्येकास एकाहत्तर देऊन सहा बाकी उरतात. सूर्यसिद्धान्ताने कल्पारंभी एक व प्रत्येक मन्वंतराच्या अखेरीस एक असे पंधरा संधिकाल मानून, प्रत्येकाची लांबी कृतयुगाएवढी, म्हणजे महायुगाच्या दोन पंचमांश, ठेवली, आणि पंधरा वेळा दोन पंचमांश बरोबर सहा होतात असा ताळा जुळविला. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये कल्पच १,००८ महायुगांचा करून प्रत्येक मनूस बहात्तर दिली, तर इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने स्मृतींशी विसंगत म्हणून त्याची ही व्यवस्था नामंजूर केली.

या तक्रारीत उभय पक्षांना एक गोष्ट विनातक्रार मान्य होती, ती ही की हजाराला चौदाने निःशेष भाग जात नाही. मग संख्येचा कायदा सृष्टिकर्त्यावरही बंधनकारक आहे काय? वैशेषिकांच्या मते द्वित्वादी संख्या मोजणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीतून उपजतात, आणि परमाणूंच्या द्वित्वासाठी ते ईश्वराच्याच अपेक्षाबुद्धीचा आश्रय करतात. हे मत स्वीकारले, तरी संख्या उपजण्यास बुद्धी लागते एवढेच सिद्ध होते. उपजल्यानंतर बाकी किती उरावी हे त्या बुद्धीच्या मर्जीवर राहत नाही, मग मोजणारा मनुष्य असो वा ईश्वर.

यात ईश्वराच्या सामर्थ्याला उणेपणा येतो असे मला वाटत नाही, कारण ‘हजाराला चौदाने निःशेष भागावे’ हे कोणाच्या शक्तीबाहेर राहिलेले कार्य नसून, मुळात कार्यच नव्हे. त्या शब्दांना आज्ञेचे रूप आहे, आज्ञेचा अर्थ नाही. म्हणून धर्मग्रंथातील आकडा तपासू पाहणाऱ्यास नास्तिक ठरविण्याची घाई आपल्या श्रद्धाळू मंडळींनी करू नये: संधिकालांची ती तरतूद ज्याने केली, त्याने आधी भागाकार करून पाहिला होता.