सभेपासून वतनापर्यंत : स्लाव टोळीप्रमुखाची घडण

मध्ययुगीन स्लाव टोळीप्रमुखाचे चरित्र लिहू पाहणाऱ्यापुढील पहिली अडचण अशी की, अशा प्रमुखाने स्वतःविषयी एक ओळही मागे ठेवलेली नाही. एल्बे नदीपलीकडील स्लावांविषयी जे लिहिले गेले ते फ्रँक दरबारातील नोंदकारांनी आणि सॅक्सन पाद्र्यांनी, म्हणजे बहुधा त्यांना अंकित करू पाहणाऱ्या पक्षाने. त्यामुळे या चरित्रात माणसाइतकीच एक कल्पनाही वाढताना दिसते, आणि ती म्हणजे प्रत्येक टोळीला एकच धनी असला पाहिजे ही.

सहाव्या शतकात बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस याने नोंदवले की, स्लावांवर एका माणसाची सत्ता नसते आणि बऱ्यावाईट सर्व गोष्टींचा विचार ते मिळून करतात. त्यानंतर काही दशकांतच, सम्राट मॉरिसच्या नावावर असलेल्या ‘स्ट्रॅटेजिकॉन’ या युद्धशास्त्रीय ग्रंथाने असा सल्ला दिला की, या लोकांत प्रमुख पुष्कळ असून त्यांचे आपसांत पटत नाही, तेव्हा काहींना भेटी देऊन आपलेसे करावे आणि इतरांवर चालून जावे, म्हणजे सारे एका धन्याखाली एकवटणार नाहीत. सल्ला फोडाफोडीचा होता हे खरे. परंतु ज्याच्या हाती परक्याची भेट पडली तो आपल्या बरोबरीच्यांहून उंच झाला, आणि प्रमुखपदाला बळ देणारी एक वाट येथूनच निघाली.

या वाटेचा पुढचा टप्पा ओबोद्रीतांच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसतो. ओबोद्रीत हा आजच्या उत्तर जर्मनीतील होल्स्टाइन व मेक्लेनबुर्ग या बाल्टिक किनाऱ्यालगतच्या भागातील स्लाव टोळ्यांचा संघ होता. फ्रँक सम्राट शार्लमेनने 804 मध्ये एल्बेपलीकडील सॅक्सनांना तेथून हलवून तो मुलूख या मित्रांना दिला आणि द्राझ्को या त्यांच्या प्रमुखाला राजा म्हणून मान्यता दिली. चारच वर्षांनी डॅनिश राजा गॉडफ्रीडने द्राझ्कोला हुसकावून लावले, ज्याच्या जकातीतून त्याच्या स्वतःच्याच राज्याला मोठा लाभ होत असे ते रेरिक हे व्यापारी बंदर उद्ध्वस्त केले आणि तेथील व्यापारी आपल्या मुलखात नेले. 809 मध्ये त्याच रेरिकमध्ये द्राझ्कोचा घातपाताने खून झाला. सम्राटाच्या मान्यतेने पद मिळाले होते, संरक्षण मात्र मिळाले नव्हते.

द्राझ्कोनंतर आलेल्या स्लावोमीरला 819 मध्ये आखेनच्या फ्रँक दरबारात उभे करण्यात आले, त्याच्यावर आरोप करायला त्याच्याच टोळीतील प्रतिष्ठित माणसे पुढे आली, आणि राज्य द्राझ्कोचा मुलगा चेद्राग याला देण्यात आले. पण 826 ची नोंद याहून मोलाची आहे. चेद्रागविरुद्ध तक्रारी आल्या तेव्हा शार्लमेनचा मुलगा सम्राट लुई याने त्याला थांबवून ठेवले आणि हा माणूस तुम्हांला प्रमुख म्हणून हवा आहे काय, असे विचारण्यासाठी दूत ओबोद्रीत लोकांकडे धाडले. मते फुटली, तरी थोरामोठ्यांचा कौल चेद्रागच्या बाजूने पडला आणि त्याच्याकडून ओलीस घेऊन त्याला परत पाठवण्यात आले. ज्याच्या फौजेपुढे उभे राहणे कठीण होते त्या सम्राटालाही, लोकांनी न स्वीकारलेला प्रमुख कुचकामी असतो हे ठाऊक होते. प्रमुखाची सत्ता या दोन होकारांवर, दरबाराच्या आणि टोळीच्या, उभी होती.

यावरून सभेचा कारभार सौम्य होता असे समजणे मात्र चूक ठरेल. शेजारच्या ल्युटित्सी संघाला एकच धनी असा नव्हता. तरीही मेर्सेबुर्गचा बिशप थिटमार अकराव्या शतकाच्या आरंभी लिहितो की, त्यांच्या सभेत एकमताविरुद्ध बोलणाऱ्याला काठ्यांनी मारले जाई आणि सभेबाहेर विरोध करणाऱ्याची मालमत्ता जाळली वा लुटली जाई. थिटमार या मूर्तिपूजकांचा कडवा विरोधक होता, हे ध्यानात ठेवूनही या वर्णनातला दरारा दुर्लक्षिता येत नाही.

बाराव्या शतकातील निक्लोत हा ओबोद्रीतांच्या परंपरेतील अखेरचा मोठा प्रमुख. 1147 मध्ये स्लावांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले गेले, तेव्हा त्याने वाट न पाहता आधीच ल्यूबेकच्या बंदरावर हल्ला चढवला. पुढे डोबिनच्या गढीला वेढा पडला, तरी नाममात्र बाप्तिस्म्यावर तडजोड होऊन तो टिकून राहिला. हेल्मोल्ड या पाद्र्याच्या वृत्तांतानुसार, वेढा घालणाऱ्या सॅक्सनांपैकी काहींना, ज्यांच्याकडून खंडणी मिळते त्यांचाच मुलूख आपण का उजाड करतो आहोत, असा प्रश्न पडला होता. 1160 मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हेन्री ‘सिंह’ चालून आला, तेव्हा निक्लोतने आपल्या बहुतेक गढ्या स्वतःच जाळल्या आणि वेर्लेच्या गढीचा आसरा घेतला. तेथेच तो मारला गेला.

निक्लोतचा मुलगा प्रिबिस्लाव ख्रिस्ती झाला आणि 1167 मध्ये त्याला श्वेरीनचा प्रदेश वगळता वडिलांचा बराचसा मुलूख हेन्रीकडून परत मिळाला, पण तो निष्ठेच्या बदल्यात दिलेल्या वतनाच्या रूपाने. ज्या पदासाठी 826 मध्ये लोकांचा कौल मागितला गेला होता ते आता वरच्या धन्याच्या मर्जीवर आणि वारसाहक्कावर चालू लागले. अल्पसा खंड वगळता निक्लोतच्याच वंशाने मेक्लेनबुर्गवर 1918 पर्यंत राज्य केले.