लाडक्या नायकाचा रंग

कादंबरी वाचून संपते, पण तिच्यातली माणसे वाचकाच्या मनातून जात नाहीत. पुढे त्यांचे काय झाले असेल, अमकी तमक्याला भेटली असती तर काय घडले असते, अशा प्रश्नांत तो रमून जातो. काही वाचक तेवढ्यावर थांबत नाहीत, ते उत्तरे लिहूनच काढतात. पाश्चात्त्य देशांत या चाहत्यांच्या लेखनाला ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ साली ‘स्पॉकनालिया’ नावाचे हौशी नियतकालिक काढले होते. इंटरनेट आल्यावर या प्रवाहाचा महासागर झाला. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा चाहत्यांनीच चालवलेला कथासंग्रह २००९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. आज त्यात एक कोटीहून अधिक कृती आहेत, आणि २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. लिहिणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, आणि बहुतेक सगळे लेखन विनामोबदला, केवळ प्रेमापोटी होते.

म्हणूनच या जगात वंशभेद आहे असे कोणी म्हटले, की घाव वर्मी बसतो. आम्ही प्रेम करतो, द्वेष कुठे करतो, असा सवाल येतो.

जानेवारी २०१० मध्ये हैतीत भयंकर भूकंप झाला. त्याच वर्षी जूनमध्ये एका चाहतीने दोन गोऱ्या अमेरिकन नटांची प्रेमकथा प्रसिद्ध केली. तिची पार्श्वभूमी होती हाच भूकंप. ढिगाऱ्याखालची काळी माणसे त्या कथेत जवळजवळ नेपथ्यासारखी होती. त्यांच्या यातनांचा उपयोग एवढाच, की दोन देखण्या पुरुषांना एकमेकांच्या जवळ येता यावे. वाचक खवळले, लेखिकेने माफी मागितली. हे प्रकरण निदान उघड तरी होते, त्यातली चूक बोट ठेवून दाखवता येत होती.

पण ज्या कथेत एकही वाईट शब्द नाही, तिचे काय करायचे? ‘स्टार वॉर्स’च्या २०१५ सालच्या चित्रपटात जॉन बोयेगा या कृष्णवर्णीय नटाने फिन साकारला. लहानपणीच पळवून नेलेला, सैनिक बनवलेला हा तरुण गोळीबाराचा हुकूम नाकारतो आणि पळून जातो. कथाकाराला याहून अधिक काय हवे? फिन आणि त्याचा वैमानिक मित्र पो यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले, नाही असे नाही. पण चाहत्यांची खरी ओढ वळली ती कायलो रेन या गोऱ्या खलनायकाकडे. स्वतःच्या बापाला ठार मारणाऱ्या या पात्राचे एकाकी बालपण आणि मनातली तडफड यांवर कथांचे ढीग रचले गेले. हक्स नावाच्या गोऱ्या सेनाधिकाऱ्याबरोबर त्याचे पडद्यावरचे प्रसंग मोजकेच, तरी त्या जोडीवरही हजारो कथा निघाल्या. बोयेगाने स्वतः २०२० साली एका मुलाखतीत तक्रार केली, की निर्मात्यांनी सुरुवातीला आम्हा कृष्णवर्णीयांची जाहिरात केली आणि नंतर आम्हाला बाजूला सारले. चाहत्यांना मात्र कोणत्याही निर्मात्याने अडवलेले नव्हते.

यावर नेहमीचे उत्तर असे, की आवड ही आवड असते. कोणावर प्रेम करावे याची सक्ती करता येत नाही. हे उत्तर खोटे नाही. मलाही सक्तीने वाटलेले प्रेम वाचवणार नाही. पण आपल्याकडे रिश्ता ठरवताना ‘मुलीचा रंग साफ हवा’ असे प्रत्येक घर म्हणते आणि प्रत्येक घराला ती केवळ आपली आवडच वाटते. एका घराची आवड ही आवड असेल. हजारो घरांची आवड एकाच दिशेला झुकली की तिला रीत म्हणावे लागते. सावळ्या मुलीच्या आयुष्याला त्या रितीची झळ लागते, मग एकट्यादुकट्या घराच्या मनात तिच्याविषयी द्वेष असो वा नसो.

आपल्याला अधिक जवळचा दाखला हवा असेल तर ‘द शेख’ घ्या. ई. एम. हल या इंग्रज लेखिकेची १९१९ सालची ही कादंबरी अफाट खपली. १९२१ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. वाळवंटातला अरब शेख गोऱ्या तरुणीला पळवून नेतो आणि ती पुढे त्याच्या प्रेमात पडते. पण शेवटाकडे कळते, की तो मुळी अरब नाहीच. इंग्रज बाप आणि स्पॅनिश आई यांचा तो मुलगा. म्हणजे पळवून नेण्यापुरता अरब चालतो, लग्नापर्यंत जायचे तर युरोपियन रक्त लागते! शंभर वर्षांनंतर चाहत्यांच्या कथांत गोरा नायक पूर्वेकडच्या एखाद्या सुलतानाच्या महालात गुलाम म्हणून विकला जातो, तेव्हा हीच जुनी सजावट पुन्हा मांडलेली दिसते. लिहिणारी मुलगी अरबांचा द्वेष करते असे मी म्हणणार नाही. तिची नियत साफही असेल. पण तिने ते सामान कोणत्या गोदामातून उचलले, हे तिला कोणी विचारले तर तो तिच्या नियतीवरचा आरोप ठरत नाही.

घोटाळा नेमका इथेच होतो. प्रश्न कथेविषयी असतो, उत्तर नियतीविषयी येते. मग विचारणारीच रंगाचा बेरंग करणारी ठरते. ‘आवडत नसेल तर वाचू नका’ असे तिला सुनावले जाते, कधी तिच्यावर शिव्यांचा मारा होतो. रुक्मिणी पांडे या भारतीय अभ्यासक स्त्रीने २०१८ साली चाहत्यांचे जग आणि वंश यांवर एक पुस्तक लिहिले. गोरेपणा हा या जगात न बोलता गृहीत धरला जातो, हे त्यात दिसते. इतरांनी तोंड उघडले की तेच ‘वंशाचा विषय काढणारे’ ठरतात.

उपाय म्हणून बंदी मागणाऱ्यांच्या बाजूला मात्र मी नाही. चाहत्यांच्या भीतीला इतिहास आहे. २००७ साली ‘लाइव्हजर्नल’ या संस्थळाने शेकडो खाती एका झटक्यात बंद केली. त्यांत अत्याचारपीडितांना आधार देणारे आणि साहित्यचर्चा करणारे गटही सापडले. कोणी लेखन पुसू नये म्हणून चाहत्यांनी स्वतःचे घर बांधले ते या धास्तीतून. पुस्तकावर बंदी घाला अशी ओरड ज्यांनी जवळून ऐकली आहे, त्यांना ही धास्ती समजावून सांगायला नको.

परंतु कथा न पुसणे वेगळे आणि तक्रार करणाऱ्याला एकटे सोडणे वेगळे. त्या संग्रहाच्या चालकांनी जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, वंशभेदाविरुद्ध पावले उचलण्याचे आश्वासन दिले. मे २०२३ मध्ये चाहत्यांनाच त्याची आठवण द्यावी लागली. छळाविरुद्धचे नियम सुधारा, मुद्दाम वंशद्वेषी असलेल्या मजकुराबाबत धोरण ठरवा, कबूल केलेला सल्लागार नेमा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. यांतली मधली मागणी अवघड आहे, कारण मुद्दाम काय आणि अजाणता काय हे कोण ठरवणार? पहिली आणि तिसरी मात्र अवघड नव्हती. वाचकाला शिव्यांपासून वाचवल्याने कोणाच्याही कल्पनेचे पंख कापले जात नाहीत.

आणि कल्पनेला सवय बदलता येतच नाही, असेही नाही. हॅरी पॉटरच्या गोष्टींतली हर्मायनी अनेक चाहत्यांनी कृष्णवर्णीय रंगवली होती, तेही कोणी परवानगी देण्याच्या आधी. पुस्तकात तिचे केस दाट आणि विस्कटलेले आहेत. डोळे तपकिरी आहेत. बुद्धी तर तल्लख आहेच. या वर्णनात एखाद्या काळ्या मुलीला स्वतःचा चेहरा सापडला आणि तिने तो कागदावर उतरवला. लंडनच्या रंगमंचावर २०१६ साली नोमा दुमेझ्वेनी हर्मायनी म्हणून उभी राहणार असे जाहीर झाले, तेव्हा कित्येक वाचकांना धक्का बसला. ती चित्रे काढणाऱ्या मुलींना मात्र ती अनोळखी वाटली नसेल.