समजून घेणे आणि हाताळणे

मनाविषयीचे ज्ञान माणसांकडून काम करवून घेण्यासाठी वापरावे काय? हा प्रश्न केवळ मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. शाळा, रुग्णालये, पतपेढ्या येथील प्रमुखांसाठीही संवादकौशल्याची शिबिरे भरतात आणि त्यांत मानसशास्त्राची प्रारूपे शिकविली जातात. त्यांपैकी एक आम्ही येथे विचारासाठी घेत आहोत.

हॅम्बुर्ग विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फ्रीडमान शुल्त्स फॉन थुन यांनी १९८१ साली असे मांडले की, प्रत्येक उद्गाराला चार बाजू असतात : वस्तुस्थिती, बोलणाऱ्याचे आत्मप्रकटन, दोघांमधील नाते आणि आवाहन. म्हणून ऐकणाऱ्यालाही जणू चार कान असतात. त्यांचे उदाहरण अगदी घरगुती आहे. गाडी चालविणाऱ्या पत्नीला शेजारी बसलेला पती सिग्नल हिरवा झाल्याचे सांगतो आणि ती उसळते. तो सिग्नलविषयी बोलला. तिने आपल्या चालविण्याविषयी ऐकले. (असा प्रसंग पाहण्यासाठी हॅम्बुर्गला जावे लागत नाही, हे वाचक जाणतातच.)

हेच रुग्णालयात पाहू. रात्रपाळीच्या प्रमुख परिचारिका नवख्या सहकारिणीला म्हणतात, "सिस्टर, तीन नंबरचे सलाइन संपत आले आहे." वस्तुस्थिती तेवढीच. पण त्यात 'मला काळजी वाटते' हे आहे, 'बाटली बदला' हे आहे आणि 'तुमचे लक्ष नाही' हेही ऐकू येऊ शकते. नवखी परिचारिका बहुधा शेवटचेच ऐकते. तो तिच्या स्वभावाचा दोष म्हणता येणार नाही. जिची नोकरी अजून कायम व्हायची आहे, जिचा गोपनीय अहवाल समोरच्या व्यक्तीच्या हाती आहे, तिचा नात्याचा कान सदैव टवकारलेला असणारच. कागदावरील चौकोनाच्या चारही बाजू सारख्या असतात; नोकरीत त्या तशा नसतात.

हे ओळखून प्रमुख परिचारिका म्हणू शकतील, "हा तुमच्यावर ठपका नाही, एवढी बाटली बदलू या." किंवा, ही मुलगी कौतुकाची भुकेली आहे हे हेरून त्या तिची स्तुती करतील आणि तिच्या गळ्यात दुसरी पाळी घालतील. ज्ञान तेच. पाळ्यांचा तक्ता दुसऱ्या मार्गाने कदाचित लवकर भरेल.

माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, असे कांट याने १७८५ मध्ये मांडले. त्यातील 'केवळ' हा शब्द आम्हांला मोलाचा वाटतो. परिचारिकेच्या श्रमांवाचून रुग्णालय चालत नाही. तिच्याकडून काम घेण्यात अन्याय नाही. मग सीमारेषा कोठे? आमच्या मते, आपण काय करीत आहोत हे समोरच्याला सांगता येते की नाही, येथे. पहिली रीत उघड केली तरी तिचे काही बिघडत नाही. 'तुम्ही सुट्टी सोडावी म्हणून मी स्तुती केली' असे म्हणताच दुसरी कोसळते. प्रत्येक वेळी असे सांगत बसावे, असा याचा अर्थ नव्हे. आई आजारी मुलाला गोडीगुलाबीने औषध पाजते, त्यात कपट नाही. मूल मोठे झाल्यावर तीच ते हसत सांगते.

"तुम्ही काय ऐकलेत?" असे विचारण्यास या शिबिरांत शिकवितात. प्रश्न चांगला आहे. पण नवख्या परिचारिकेने खरेच सांगितले की, "तुम्ही माझी तक्रार कराल असे वाटले," तर ते वाक्य अहवालात जाता कामा नये. तशी हमी प्रमुखांनी आधीच द्यावयास हवी, आणि ती देण्याचा अधिकार पुष्कळदा त्यांच्याही वरच्या अधिकाऱ्याकडे असतो.