आडवा धूर

पौषातल्या सकाळी जुन्नरमध्ये बंबाचा धूर वर जात नाही. कौलांपर्यंत चढतो, जरा घुटमळतो आणि मग आडवा होऊन आळीभर पसरतो. सकाळी शिवनेरीच्या पायऱ्या चढणाऱ्यांना हे वरून दिसतं. खाली गावावर पांढुरका थर, आणि त्यातून एखादा कळस, एखादा मोबाइलचा टॉवर तेवढा डोकं काढून. पाहणारा म्हणतो, काय सुंदर धुकं पडलंय! धुकं असतंच त्यात. पण नाकाला विचारलं तर धूरही सापडतो. रात्र निरभ्र असली की जमीन लवकर गार होते आणि तिला टेकलेली हवाही गारठते. गार हवा जड. ती डोंगरउतारावरून कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या खोऱ्यांत उतरते आणि तिथंच बसून राहते. नदीकाठच्या रानात थंडी जास्त वाजते, ती यामुळंच. या गार हवेवर मग उबदार हवेचं झाकण पडतं आणि धूर त्या झाकणाखाली अडकतो. ऊन चांगलं तापेपर्यंत, म्हणजे नऊ-दहा वाजेपर्यंत, गावात जे पेटलं ते गावातच राहतं. आषाढात असं होत नाही. भीमाशंकर, नाणेघाटाकडचा पाऊस हवा धुऊन काढतो, आणि आणे-बेल्ह्याच्या बाजूला पाऊस कमी पडला तरी वारा भरपूर असतो. चैत्रात धूळ उडते, पण ऊनही असतं, हवा खेळती राहते. हिवाळ्याची सकाळ तेवढी वेगळी.

द्राक्षाची बाग असलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. कडाक्याची थंडी पडली की तो पहाटे उठून बागेत जागोजागी शेकोट्या करतो. ऊब आणि धूर वेलींपाशीच रेंगाळणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. उडून जाणार असता तर एवढ्या गारठ्यात कोण कशाला उठलं असतं? आपल्या जुन्नर-आंबेगावात सकाळची पहिली नजर आभाळाकडे जाते ती पिकासाठी. मळभ आहे का? कांद्याच्या पातीवर दव किती वेळ टिकलंय? करपा येईल का, बागेत भुरी दिसेल का, आज फवारणी धरावी की उद्या? चहाचा कप हातात असतानाच हे सगळे हिशेब मनात होऊन जातात. फार मोलाची सवय आहे ही, पिढ्यान् पिढ्यांची. तीच नजर आणखी अर्धा मिनिट टिकवावी, आपल्या स्वतःच्या श्वासासाठी. शेजारच्या घराचा धूर सरळ वर चाललाय की आडवा झालाय, एवढंच पाहायचं. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम संस्थेची ‘सफर’ सेवा शहराच्या हवेचा आकडा सांगते. आपल्याकडे यंत्राची वाट पाहायला नको. धूर आडवा दिसला की हवेनं सांगायचं ते सांगितलेलं असतं.

आणि नेमक्या याच वेळी आपण अंगण झाडतो. झाडून झालं की ढीग कोपऱ्यात ओढायचा आणि त्याला काडी लावायची, हा अनेक घरांचा नेम आहे. त्यामागचा हेतू निर्मळच असतो. दार स्वच्छ राहावं, डास होऊ नयेत, कचरा वाऱ्यानं शेजाऱ्याच्या दारात जाऊ नये. पण त्या ढिगाजवळ एकदा बसून पाहावं. आंब्याची, बदामाची पानं रात्रीच्या दवानं ओली असतात, म्हणून ती पेटत नाहीत, नुसती धुमसतात. मधे एखादी दुधाची पिशवी, दोन-चार पुड्या, फाटक्या चपलेचा पट्टा. ज्वाला अशी दिसतच नाही, धूर मात्र तासभर चालतो. त्यातले सगळ्यात बारीक कण आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढेही नसतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुफ्फुसात खोलवर जातात. त्याच वेळी पोरं दप्तरं घेऊन सायकलीनं शाळेला निघालेली असतात. कुणाचे दम्याचे आजोबा उन्हाला म्हणून ओट्यावर येऊन बसलेले असतात. ढीग आपल्या अंगणातून गेला, हे खरं. पण जाऊन जाऊन तो त्या ओट्यापर्यंतच गेला.

म्हणून काडी लावण्याआधी जरा थांबावं. ढिगातलं प्लास्टिक वेगळं काढून घंटागाडीसाठी ठेवावं. पानं जास्वंदीच्या, कढीपत्त्याच्या बुंध्याशी पसरावीत. माती ओलावा धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तेवढंच पाणी कमी लागतं. जागा असेल तर परसात हातभर खड्डा करावा, पावसाळ्यापर्यंत त्याचं खत होतं. हीच गोष्ट शिवारात मोठ्या मापानं लागू पडते. विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांचा गळीत हंगाम नेमका थंडीत रंगात येतो. ऊस तुटतो, रान मोकळं होतं आणि मागं पाचट उरतं. एका हेक्टरातून आठ-दहा टन तरी निघतं. ते पेटवलं की त्यातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातो. धूर खोऱ्यात साचतो आणि आपण पुन्हा खताच्या गोणीला पैसे मोजतो. खोडवा ठेवायचा असेल तर बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत दाबणारे शेतकरी आता गावोगाव दिसतात. पहिल्या वर्षी त्यांना चिकाटी धरावी लागली असणार, कारण शेजारचं रान काळं, साफ आणि आपलं पसाऱ्यानं भरलेलं दिसतं. त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. टोमॅटोच्या प्लॉटमधला जुना मल्चिंग पेपर बांधावर पेटवायचा मोह ज्यांनी आवरला, त्यांचंही. बंब मात्र पेटवावाच लागतो. थंडीत लहान मुलांना, म्हाताऱ्यांना गरम पाणी हवंच. तिथं पेटवण म्हणून प्लास्टिकची पिशवी नको, एवढंच. नारळाची शेंडी, वाळकी काटकी, दाणे काढलेली मक्याची कणसं पुरतात. सरपण दोन दिवस आधी उन्हात टाकून वाळवलेलं असलं तर ते धुमसत नाही, चांगला जाळ धरतं, आणि पाणीही लवकर तापतं.