नाव तेच, पिंप वेगळं

शेरीच्या पिंपात मुरलेली जुनी स्कॉच आता पूर्वीसारखी राहिली नाही, असं मॅकॅलन या स्कॉचचे जुने चाहते ठामपणे सांगतात. आरोप बिनबुडाचा नाही.

एकेकाळी शेरी ही स्पेनची वाइन पिंपांतूनच ब्रिटनला यायची. रिकामी पिंपं स्कॉटलंडच्या डिस्टिलऱ्या विकत घ्यायच्या. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करणं सक्तीचं झालं आणि ती वाट बंद झाली. आता बहुतेक पिंपं व्हिस्कीसाठीच घडवतात, त्यांत साधारण वर्ष-दोन वर्षं शेरी ठेवतात नि मग काढून घेतात.

मग ही तीच व्हिस्की का? बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल असंच विचारलं होतं: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? रथ हे जुळणीला दिलेलं नाव, एवढंच. व्हिस्कीचंही तसंच आहे. लेबलावरचा १८ सारखा आकडा बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय सांगतो, चवीची हमी देत नाही.

अर्थात, बदल म्हणजे घसरण नव्हे. जुन्यातलं सुमार केव्हाच पिऊन संपलं. जपलं गेलं ते बहुधा उत्तम, आणि तुलना होते ती त्याच्याशीच. तरीही मनुका-अंजिरांची ती दाट चव उणावल्याची तक्रार रास्त वाटते. पिंपात आधी कोणती शेरी होती नि किती काळ, हे उत्पादकांनी बाटलीवर छापायलाच हवं.