शुद्ध पोह्यांचा दिवस

नागभीडच्या स्टेशन रोडवर एका म्हाताऱ्याची तर्री-पोह्यांची जुनी गाडी होती. सारं गाव त्याला आबाजी म्हणायचं. एका हिवाळ्यात समोरच मोमोची गाडी लागली. गोठणगावजवळच्या नॉरग्येलिंग वसाहतीतलं तिबेटी कुटुंब होतं ते, आजी, मुलगा आणि सून. वसाहत 1972 ची. आजी तिथं आली तेव्हा तरणीताठी होती. अर्जुनीला बल्लारशाची गाडी धरायची, नागभीडला उतरायचं, स्टोव्ह पेटवायचा. कॉलेजची पोरं तिकडं वळली आणि आबाजींचं डोकं फिरलं.

"आपल्या मातीतलं खा ना रे! हे परदेशी कायले गिळता?"

नात अकरावीत होती. ती म्हणाली, "आबाजी, मिरची मेक्सिकोकडची हाय. पोर्तुगीजांनी आणली. टमाटर तिकडचाच. आलू, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतले."

"भिवापुरी मिरची मेक्सिकोची? तुजी आजी जन्मभर सातऱ्यावर देठं तोडत बसली, ते काय मेक्सिकोत?"

सातरा म्हणजे वाळल्या मिरचीचे लालभडक ढीग आणि भोवती शिंकत, खोकत देठ खुडणाऱ्या बाया. इथल्या किती तरी जणी मिरची तोडायला टोळीनं तेलंगणातही जातात. मिरची परकी, हे कोणाला पटावं?

पण म्हातारा हट्टी. दुसऱ्या दिवशी त्यानं 'आपले' पोहे केले. मिरची नाही, आलू नाही, शेंगदाणे नाहीत. तर्रीत काळे चणे, हळद, आलं, मिरी घातली; टमाटर वगळला. रंग आला डबक्याच्या पाण्यासारखा. पहिल्या गिऱ्हाइकानं घास घेतला आणि काळजीनं विचारलं, "तब्येत बरी नाही का जी?" दुसऱ्यानं काही न बोलता पैसे दिले आणि प्लेट तशीच ठेवली. ते जास्त लागलं. दहा वाजले तरी तर्रीचा गंज भरलेलाच.

नातीनं वर ऐकवलंच. मेक्सिकोत लेबनॉनची माणसं गेली, उभ्या सळईवर मांस भाजायची रीत सोबत नेली. मेक्सिकोवाल्यांनी ते मांस आपल्या मक्याच्या पोळीत गुंडाळलं. तोच टाको अल पास्तोर आता त्यांच्या रस्त्यारस्त्यावर मिळतो.

"म्हणजे तेही उचलेच," आबाजी पुटपुटले. आवाजात दम नव्हता.

दुपारी ते रस्ता ओलांडून गेले. आजी मोमो वळत होती. तळहातावर पातळ पारी, मधे चिमूटभर कोबी, आणि अंगठा एकेक चुणी दाबत पुढं सरकायचा, लुगड्याच्या निऱ्या घालाव्यात तसा. शेजारच्या वाटीत लाल चटणी होती.

"मिरची कुठली?"

"भिवापूर," सून म्हणाली. "दुसरी आजीला चालत नाही."

आबाजी काही बोलले नाहीत. पावसाळा लागला तसे ते एक दिवस जंगलातले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, घेऊन आले. बारीक चिरायचे, रात्रभर पाण्यात ठेवायचे, पाणी फेकायचं, नाहीतर कडू लागतात, हे तीनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी आजीनं तेच मोमोत भरले आणि पहिली प्लेट त्यांच्यापुढं सरकवली.

त्यांनी एक तोंडात टाकला, डोळे मिटले.

"मीठ कमी हाय," म्हणाले, आणि दुसरा उचलला.