देव राखतो, मग डागडुजी कशाला?



‘देवाच्या भरवशावर सोडलंय’ हे वाक्य आपल्या घरांत नेहमी ऐकू येते. आजारपणात, पेरणीच्या वेळी, मुलांच्या परीक्षेच्या काळात आपण ते मनापासून म्हणतो. पण या वाक्याचे दोन अर्थ होतात. माणसाने आपल्या हातचे सर्व केले आणि उरलेले देवावर सोपवले, हा एक. माणसाने आपले काम टाळले आणि त्या टाळण्याला देवाचे नाव दिले, हा दुसरा. यांतला फरक ओळखायचा कसा? नावेच्या प्रवासाकडे पाहिले तर तो लवकर कळतो, असे आम्हाला वाटते.

मुक्ताईनगरात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि ते पाणी हतनूर धरणातून पुढे जात सुरतेजवळ अरबी समुद्राला पोहोचते. त्याच समुद्रातून १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून जगप्रदक्षिणेला निघाल्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. सुमारे ५५ फुटांची ही नौका गोव्यातच, मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेली. २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी त्या सुखरूप परतल्या.

अशा प्रवासाचे नाव काढले की फुगलेले शीड आणि मावळता सूर्य डोळ्यांपुढे येतो. पण प्रवास किनाऱ्याकिनाऱ्याने असो की भर समुद्रातून, नावेवरचा दिवस बराचसा डागडुजीत जातो. पाळीपाळीने पहारा, तुकड्यातुकड्यांनी झोप, आणि जागेपणी हातात काम. खाऱ्या हवेने लोखंड गंजते. दोर एकाच जागी घासून झिजतो. शिडाची शिवण उसवते. तळाला शेवाळ आणि कवचाचे जीव चिकटून वेग मंदावतो. आत साठलेले पाणी उपसावे लागते. काल घट्ट केलेला बोल्ट आज पुन्हा तपासावा लागतो. हे काम नीट झाले, तर दिसायला काहीच घडत नाही. म्हणून त्याचे कौतुकही होत नाही.

एवढी काळजी घेऊनही अडचण येतेच. परतीच्या वाटेवर एप्रिल २०१८ मध्ये ‘तारिणी’च्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि मॉरिशसला न ठरलेला मुक्काम करावा लागला. अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटेच होते. तेथे बंदरात जाऊन दुरुस्ती करण्याचीही मुभा नव्हती. वाऱ्यावर नाव वळवणाऱ्या सुकाणूचे पाते मोडले, तेव्हा त्यांनी नौकेतल्या शौचालयाचे दार कापून नवे पाते केले. त्या शर्यतीत ते दुसरे आले.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एका निबंधात एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली. जहाज जुने होते, डागडुजी लागेल अशी शंका मालकाला आलेली होती. पण खर्चाच्या विचाराने त्याने मनाची समजूत घातली. हे जहाज इतक्या वादळांतून परत आले, आताही येईल. एवढ्या गरीब कुटुंबांना परमेश्वर सांभाळील. हळूहळू त्याचा त्यावर खराच विश्वास बसला. जहाज बुडाले, माणसे गेली आणि त्याने विम्याचे पैसे घेतले. क्लिफर्ड पुढे जे म्हणतात ते अधिक विचार करायला लावणारे आहे: जहाज सुखरूप पोहोचले असते, तरी तो माणूस तेवढाच दोषी ठरला असता. कारण त्याचा विश्वास तपासातून आलेला नव्हता, शंका दाबून आलेला होता.

मग श्रद्धेचे काय? ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात संत पौलाचा किनाऱ्याकिनाऱ्याने झालेला लांबचा जलप्रवास आहे. क्रीटजवळ वादळ उठले तेव्हा खलाशांनी जहाज फुटू नये म्हणून त्याला खालून दोर आवळले. कोणाचाही जीव जाणार नाही, हे वचन पौलाला मिळालेले होते. तरीही खलाशी होडीतून गुपचूप निसटू लागले, तेव्हा त्यानेच शताधिपतीला बजावले की, हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव नाही. देवाचे वचन हाती होते, म्हणून खलाशांची गरज संपली असे त्याने मानले नाही. शेवटी जहाज मोडले. पण २७६ माणसे, कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, किनाऱ्याला लागली.

यावरून आम्हाला एवढे समजते की, डागडुजी म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. दोर आवळूनही जहाज मोडू शकते. डागडुजी हे आपल्या भरवशावर नावेत बसलेल्यांचे आपल्यावरचे देणे आहे. ते फेडल्यानंतर जे आपल्या हातात उरत नाही, ते देवाचे. देणे न फेडता ‘देव राखील’ म्हणणारा देवावर नव्हे, तर दुसऱ्यांच्या जिवावर भरवसा ठेवतो.

आपल्याकडे नावा थोड्या. पण आपल्या भरवशावर बसणारे पुष्कळ. केळी कापायला जाणारे मजूर ज्या ट्रॉलीत बसतात तिचा हूक, शेतातल्या मोटारीची उघडी वायर, मुलांना शाळेत नेणाऱ्या रिक्षाचे ब्रेक. हतनूरचे ४१ दरवाजे पुरात वेळेवर उचलले जातात, तेव्हा खालची गावे झोपेत असतात. त्या दरवाज्यांना उन्हाळ्यात ग्रीस कोणी लावले, हे कोणी विचारीत नाही.

तेव्हा ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणून ठेवलेली, पण दुसऱ्याचा जीव जिच्यावर अवलंबून आहे अशी एक तरी वस्तू या आठवड्यात प्रत्येकाने तपासावी. ती दुरुस्त केल्याचे कोणाला कळणारही नाही. त्या दिवशी काहीच घडणार नाही, आणि संध्याकाळी सगळे घरी येतील.